टोक आधी दमतं

रेडकर सर आमच्या शाळेत आले ते एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि एक वाईट सवय घेऊन. वळकटीत अंथरूण होतं, ट्रंकेत विमान होतं, आणि सवय अशी की समोरच्याने काहीही म्हटलं तरी हे म्हणायचे, "कारण सांगा."

मुलांना म्हणायचे ते ठीक होतं, मास्तरच ते. पण पोस्टमास्तरांचे वडील वारले म्हणून आम्ही सगळे भेटायला गेलो, तिथे पोस्टमास्तर डोळे पुसत म्हणाले, "काय करणार, वय झालं होतं." त्यावर रेडकर सर शांतपणे म्हणाले, "वय हे कारण नव्हे." मी जमिनीकडे बघत बसले. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "सर, कधी तरी तोंड मिटून बसत जा." तर म्हणाले, "कारण सांगा, बाई."

बाई म्हणजे मी, नेरूरकर बाई. मालवणपासून दोन कोसांवर सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाच्या, कडेला आमची शाळा, तिथे मी मुलींना शिवण आणि सगळ्यांना मराठी शिकवायची. सर विज्ञान शिकवायचे. हवाई दलात काही वर्षं यंत्रांची दुरुस्ती करून आलेले. लग्न केलं नव्हतं. त्याचं कारण मात्र त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

माणूस दिसायला काडीसारखा, पण ऐट अशी की सगळं आभाळ यांच्या देखरेखीखाली चाललंय. अंगाला कायम दवाखान्याचा वास. कारण त्यांच्या विमानाचं इंजिन, चिकूएवढंच होतं ते, ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालायचं, आणि ते मिश्रण ते शिक्षकांच्या खोलीत घुसळायचे. दुपारी आम्हा सगळ्यांना पेंग यायची. मुख्याध्यापकांना वाटायचं, वय झालं. खिशात मापायचं पट्टीसारखं यंत्र, त्याने ते डब्यातल्या भाकरीचीही जाडी मोजायचे आणि मला सांगायचे की माझी भाकरी कडेला जाड आणि मध्ये पातळ आहे. एकदा मी म्हटलं, "मग खाऊ नका." तर खाल्ली, आणि शिवाय आकडा लिहून ठेवला.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, प्रयोगशाळा. आमच्या शाळेत ती नव्हती. विज्ञान ओसरीवर चालायचं, आणि काचेची नळकांडी सरांच्या ट्रंकेत, विमानाच्या शेजारी, धोतरात गुंडाळून असायची. पूर्वेकडची एक खोली रिकामी होऊ शकत होती, पण तिथे देवळाची मोठी भांडी होती. शाळेच्या खोलीत देवळाची भांडी का, तर शाळा समितीचे अध्यक्ष तात्या परब, आणि देवळाचे मानकरीही तात्या परबच. ते शाळेतून उठून तसेच देवळात जायचे, मधे त्यांना फरक वाटत नसे.

सर तीन वर्षं खोली मागत होते. शेवटी तात्या कंटाळले आणि म्हणाले, "मास्तरांनू, तुमचां ह्यां इमान ट्रंकेत कित्याक कुजता? सव्वीस जानेवारीक सड्यार उडवून दाखवा. त्येका कोलांट्यो मारूक लावा. सगळो गाव बघांदे. मगे खोली तुमची, भांडी मी हलवतंय." सर हे ऐकून घरी गेले नाहीत, तिथेच फळ्यावर आकडे मांडायला बसले.

आता हे विमान कसलं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते हाताएवढं विमान दोन बारीक तारांच्या टोकाला असायचं. तारांचं दुसरं टोक सरांच्या मुठीत. सर मध्ये उभे राहून स्वतःभोवती फिरायचे, विमान त्यांच्याभोवती. मूठ वर केली की विमान वर, खाली केली की खाली. मनगट कसं वळवायचं त्यावर कोलांटी मोठी की लहान. सगळा भरवसा त्या तारा ताठ असण्यावर. तार सैल पडली की मुठीत नुसती मूठ उरते.

आणि पंखाचं म्हणाल तर सरांनी मला ते इतक्या वेळा ऐकवलंय की मी झोपेतही सांगीन. वारा पंखाला चिकटून वाहतो तोवर ते विमान. पंख फार तिरका केला की वारा पाठ सोडतो, आणि मग तो धोंडा. पण पंखाचं सगळं अंग एकदम वारा सोडत नाही. कुठून आधी सोडेल ते पंखाच्या आकारावर. टोकाला निमुळता पंख दिसायला देखणा, पण तिथे अंग कमी आणि भार जास्त, म्हणून टोक आधी दमतं. एका बाजूचं टोक आधी दमलं की विमान त्या बाजूला कलंडतं. तोच पंख सरळ, शेवटपर्यंत रुंद, बोथट ठेवला की मधला भाग आधी दमतो, विमान नुसतं नाक खाली करतं आणि टोकं धरून ठेवतात. "दमायचं असेल तर मध्ये दमावं, बाई, टोकाला नाही," असं ते माझ्या शिवणाच्या वर्गात येऊन सांगायचे. मुली उसवण विसरून बघत राहायच्या.

हे त्यांनी पुस्तकात वाचून मानलं असतं तर आम्ही सुटलो असतो. पण यांना डोळ्यांनी बघायचं होतं. सावंतवाडीला लाकडी खेळणी करतात त्यांच्याकडून पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणून त्यांनी दोन पंख केले, एक निमुळता, एक बोथट. वरून मढवायला माझी जुनी रेशमी साडी गेली. साडीवर पेजेचा हात, पेजेवर व्हार्निश. मग माझ्या भरतकामाच्या डब्यातली लाल लोकर चोरून, होय, चोरूनच, तिचे बोटभर दोरे त्यांनी पंखांवर ओळीने चिकटवले. वारा चिकटून असेल तिथे दोरे गप पडतील, सोडेल तिथे नाचू लागतील. इतकंच. आता वारा आणायचा कुठून? एस्टीच्या खिडकीतून.

मी माहेरी बांद्याला निघाले होते, सर माझ्या पुढच्या बाकावर. माझ्या मागे भिवा गुरव, तोही बांद्याकडच्या एका देवळात निघालेला. हा भिवा आमच्या गावच्या देवळाचा गुरव. दुपारच्या वेळी सावलीला म्हणून शाळेच्या ओसरीवर येऊन फुलांच्या माळा करायचा. समोर सरांचा वर्ग चाललेला असे. सर त्याला सोडत नसत. "काय भिवा, तुझ्या देवाला गुरुत्वाकर्षण माहीत आहे का?" भिवा हसायचा आणि म्हणायचा, "इचारून सांगतंय."

सावंतवाडी सोडली, रस्ता जरा सरळ लागला आणि सरांनी पंख खिडकीबाहेर काढला. कंडक्टर ओरडला. सर म्हणाले, "कारण सांगा." कंडक्टरने कारण सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. सरांनी पंख हळूहळू तिरका करत नेला, आधी निमुळता, मग बोथट, आणि खरंच, निमुळत्याच्या टोकाकडचे लाल दोरे आधी पिसाळले. सर खिडकीला तोंड लावून हसत होते. सगळी गाडी त्यांच्याकडे बघत होती. मी त्यांना ओळखत नाही असं दाखवून डब्यातला लाडू खात होते.

तेवढ्यात इन्सुलीचा नाका आला. पलीकडे गोवा, तेव्हा अजून पोर्तुगीजांचा, त्यामुळे नाक्यावरचे साहेब गाडीतल्या प्रत्येक फणसाकडेही संशयाने बघत. इथे तर खिडकीतून पंख बाहेर आलेला.

"हे काय आहे?"

"पंख," सर म्हणाले.

"कशाचा?"

"विमानाचा."

"विमान कुठे आहे?"

"शाळेत. ट्रंकेत."

अर्धा तास गाडी उभी. शेवटी साहेबांनी वहीत लिहिलं, 'लाकडी फळी, दोरे लावलेली, दोन नग.' मग मात्र सर पेटले. संशय घेतला याचं त्यांना काही नव्हतं, पण फळी म्हणाले. "याची जाडी बघा, ही गोलाई बघा, फळी कशी म्हणता?" असं ते साहेबांशी भांडत असताना मागून भिवाने हळूच विचारलं, "सर, टोकाकडचे दोरे आधी कित्याक नाचतत?"

सरांच्या तोंडचा प्रश्न उभ्या गावात आपणहून कुणी विचारला तो हा एवढाच. आणि सरांनी तो ऐकला नाही. ते फळीत अडकले होते.

गावात दोन्ही पंख शाळेच्या ओसरीवर टांगले गेले आणि गावाने निकाल देऊन टाकला. निमुळता छान. तात्या तर त्यावरून हात फिरवून म्हणाले, "ह्यो बघा, होडयेच्या नाळीच्या टोकासारखो. आणि तो दुसरो? तो पाट. त्येच्यार बसान जेवा." मलाही मनातून निमुळताच आवडला होता, साडी त्याच्यावर शोभत होती. सर प्रत्येकाला टोक कसं दमतं ते सांगत सुटले. जितकं सांगावं तितका गाव हट्टाला पेटला. निमुळताच लावा म्हणे, आमची शोभा आहे. पंधरा दिवस हे चाललं. शेवटी सडा देवस्थानचा, तिथे काही करायचं तर देवाला विचारावंच लागतं, म्हणून तात्यांनी तोड काढली. कौल लावू या. देव सांगेल तो पंख.

सर म्हणाले, "देवाने हवाई दलात किती वर्षं काढली?" पण सडा हवा होता, खोली हवी होती. गेले. देवळाच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभे राहिले. भिवाने देवाच्या पाषाणाला पाणी लावून दोन कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि तात्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा."

"होय म्हाराजा," मागे जमलेले म्हणाले.

"आज तुझ्या दारात ह्यो रेडकर मास्तर इमान घेवन इलेलो आसा."

"होय म्हाराजा."

"त्येका दोन पंखे आसत. एक टोकाक निमुळतो, दुसरो बोथट. खयचो लावलो तर इमान मदीच दमाचा नाय, तां तूच सांग. निमुळतो आसात तर डावो कळो दी, बोथट आसात तर उजवो दी."

"होय म्हाराजा."

आम्ही सगळे त्या दोन कळ्यांकडे बघत बसलो. सर छताकडे. बराच वेळ गेला, आणि उजवा पडला.

गाव क्षणात बदलला. काल ज्याला पाट म्हणत होते त्याला हात जोडू लागले. तात्या सरांजवळ आले, "मास्तरांनू, तुमचां बरोबर होतां. देवान सांगलां." दुसरा कुणी असता तर घरी जाऊन निजला असता. जिंकला होता ना. पण मी सरांचा चेहरा बघितला, तो जिंकलेल्या माणसाचा नव्हता. पंधरा दिवस घसा फोडून कारण सांगितलं ते कुणाला पटलं नाही, आणि एक फूल खाली पडलं ते पटलं.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं आणि अख्खा गाव सड्यावर गेला. मालवणहून बॅटरीवरचा कर्णा आणला होता, त्यावर तात्या बोलत होते, म्हणजे थांबत नव्हते. मी सरांना पाणी द्यायला गेले, तर सर विमानाला पंख बसवत होते. निमुळता.

"सर, हा चुकीचा."

"माहीत आहे."

"मग?"

त्यांनी मान वर केली नाही. "बोथट लावला आणि उडालं, तर उद्यापासून ही सगळी मुलं म्हणणार, देवाने सांगितलं म्हणून उडालं. मग मी त्या खोलीत शिकवू काय?"

"आणि हा लावून पडलं तर खोलीच नाही."

"पडणार नाही. मी कोलांट्या मोठ्या घेईन. सैल वळणात टोक दमत नाही." मग खिशातला रुमाल काढून त्यांनी हात पुसले. "कुणी मनगट घाईने वळवलं तरच पडेल. आणि मनगट माझं आहे, बाई."

मला तेव्हा त्यांचा राग आला, आणि आजही येतो. माणूस बरोबर होता, देव बरोबर होता, दोघांचं मत एक होतं, आणि तेवढ्यावरून हा चुकीचा पंख लावायला निघाला. पण मी तात्यांना जाऊन सांगितलं नाही. का नाही सांगितलं याचं कारण माझ्याकडे नाही.

इंजिन किंचाळलं, विमान उठलं. खरं सांगते, सुंदर दिसत होतं. माझ्या साडीचा जांभळा रंग उन्हात चमकत होता. सर मध्ये उभे राहून फिरत होते, आणि पहिली कोलांटी त्यांनी इतकी ऐसपैस घेतली की म्हाताऱ्या बायकांनीही माना मागे टाकल्या. दुसरीही तशीच. खोली आलीच होती हातात. आता उतरवायचं, एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात तात्यांचं लक्ष पंखाकडे गेलं. इंजिनाच्या आवाजावर चढून कर्णा बोलला, "बघा मंडळी, मास्तरांनी चुकीचो पंखो लावलो, तरी देवान राखल्यान. देव मोठो."

लोकांनी हात जोडले. मी सरांकडे बघत होते. त्यांचे खांदे आधी ताठ झाले. मग मनगट वळलं, घाईने. तिसरी कोलांटी एवढी आवळून घेतली की विमान उभंच चढलं, माथ्यावर आलं, आणि आतल्या अंगाचं टोक दमलं. जसं फळ्यावर काढून दाखवायचे अगदी तसं. विमान सरांच्या बाजूला कलंडलं, तारा सैल पडल्या. सर मूठ ओढत मागे मागे पळाले, पण तारेत काहीच नव्हतं. त्यांच्यापासून चार हातांवर ते कातळावर आपटलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तात्या कर्ण्यावरून सावकाश म्हणाले, "देवान सांगलां होतां." आणि मग चुरमुरे वाटले.

खोलीत भांडी राहिली. त्यानंतर सर 'कारण सांगा' म्हणेनासे झाले, आणि तुम्हांला खोटं वाटेल, पण आम्हांला त्याची आठवण यायची. मुलं चुकीचं बोलायची आणि ते नुसते पुढे सरकायचे. बोथट पंख त्यांच्या घरी खुंटीला, लाल दोऱ्यांसकट.

त्या पडण्यानंतर आठवड्याने भिवा ओसरीवर माळ करत होता. मी सहज म्हटलं, "भिवा, तुझ्या देवाला सगळं कळतं रे." भिवाने इकडेतिकडे बघितलं. "बाई, सांगतंय, पण सरांका सांगू नकात. कोणाकच सांगू नकात, माझो गुरवपणो जायत." मी शब्द दिला, मग तो सुईकडे बघत म्हणाला, "उजव्या कळ्याक मी पानी कमी लावलंय."

मी हातातलं शिवण खाली ठेवलं.

"दोरे मी बघलेले गाडयेत. टोकाकडे पंखो चिंचोळो, थंय वाऱ्याक धरूक जागाच नाय. टोक आधी दमता. सरांचां बरोबर होतां, पन आयकता कोण? देवाचां आयकतीत म्हटलां." त्याने दोऱ्याची गाठ मारली. "देव रागावलो नसतलो. त्येचो हात म्हंजे माझोच मां."

चार वर्षं ओसरीवर बसून विज्ञान शिकलेला सरांचा एकच विद्यार्थी, आणि सरांनी त्यालाच पाडला. मी शब्द दिला होता, म्हणून हे पोटात ठेवलं. दीड वर्ष ठेवलं. शिवणाच्या बाईला हे सोपं नाही.

मग सरांना रत्नागिरीकडच्या एका शाळेत जागा मिळाली. तिथे प्रयोगशाळा होती, काचेची कपाटं असलेली. निरोपाचा समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. मधल्या सुट्टीत मी एकटीच गाडीवर पोहोचवायला गेले. वळकटी आणि ट्रंक टपावर चढली. बोथट पंख मात्र त्यांनी टपावर दिला नाही, मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. म्हातारे दिसत होते. ड्रायव्हर बिडी संपवत होता, आणि मला वाटलं, हा माणूस आता असाच जाणार, आपलं इथे कुणाला काही कळलं नाही असं समजून उरलेलं आयुष्य काढणार. मला ते सहन होईना. मी खिडकीच्या गजाला धरून भिवाचं सगळं सांगून टाकलं. शब्द मोडला. भिवाची माफी मी नंतर मागितली.

सर ऐकत राहिले. मला वाटलं, भडकतील. 'दीड वर्ष लपवलंत' म्हणतील. त्यांनी पंखावरचा एक सुटलेला लाल दोरा बोटाने दाबून बसवला. मग पुष्कळ दिवसांनी त्यांचा तो जुना आवाज आला.

"कारण सांगितलं त्याने?"

"सांगितलं. टोकाकडे वाऱ्याला धरायला जागा नाही, टोक आधी दमतं, म्हणाला."

"आपणहून?"

"आपणहून. तुम्हांलाही विचारलं होतं त्याने, इन्सुलीच्या नाक्यावर. तुम्ही फळीवरून भांडत होतात."

गाडी सुरू झाली. ते काही बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही. धूळ उडाली, मी पदर नाकाला लावून उभी राहिले. शाळेपासून सरळ रस्ता देवळाच्या वळणापर्यंत जातो. तिथे थांबा नाही, कधीच नव्हता. तिथे गाडी थांबली. कंडक्टरचा आवाज मला इथवर येत होता. एक काडीसारखा माणूस खाली उतरला, बगलेत पंख. गाडी थोडा वेळ थांबली, मग त्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन निघून गेली. तो मागे वळून न बघता देवळाच्या पायऱ्या चढू लागला, भराभर, आणि मधेच थांबून, पायातल्या वहाणा काढून, पुन्हा चढू लागला.

मला जाऊन बघायचं होतं. पण मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, आणि पाचवीच्या मुलींना काजं शिकवायची होती.